टेबलातली खाण

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आपल्या शाळांतला जवळजवळ मान्यताप्राप्त विषय झाला आहे. फुटक्या बांगड्यांचे तोरण, इंजेक्शनच्या सिरिंजांचा जलदाबयंत्राचा नमुना, बाटल्यांच्या झाकणांचे गिअर अशा वस्तूंना विज्ञान प्रदर्शनात हमखास दाद मिळते, आणि ती मिळावीही. याच जातकुळीतली, पण बरीच महागडी अशी एक वस्तू गेल्या दीड दशकात युरोप-अमेरिकेतल्या हौशी कारागिरांनी घरच्या घरी घडवली. जुने टेबल, पुस्तकांची मांडणी किंवा दुधाचे क्रेट घ्यायचे, त्यात संगणकाची पाच-सहा ग्राफिक्स कार्डे बसवायची आणि बिटकॉइन किंवा इथेरियम यांसारखे कूटचलन मिळवणारे यंत्र तयार करायचे, अशी ही वस्तू. तिला ‘मायनिंग रिग’ म्हणतात.

अशा यंत्रांचे कृतिपाठ विपुल आहेत आणि ते वाचून हात शिवशिवतात. उद्या नववी-दहावीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने त्यातला एक शिक्षकांपुढे ठेवला आणि ‘हा माझा प्रकल्प’ असे म्हटले, तर काय उत्तर द्यावे? ‘हा जुगार आहे, नको’ असे सांगून विषय मिटवणे सोपे आहे. ‘मुलगा हुशार आहे, करू द्या’ असे म्हणणे त्याहून सोपे आहे. या दोन्ही उत्तरांत विज्ञान नाही. म्हणून एखाद्या पुस्तकाचे करावे तसे या कृतिपाठांचे परीक्षण आम्ही येथे करत आहोत.

मांडणीतली कारागिरी

प्रथम गुणांबद्दल. फर्निचरमध्ये संगणक बसवण्याची कल्पना कूटचलनातून आलेली नाही. २००८ साली ‘हेल्मर’ नावाच्या एका यंत्राचा बराच बोलबाला झाला होता. आयकिया या स्वीडिश कंपनीचे हेल्मर नावाचे सहा खणांचे पत्र्याचे कपाट घेऊन प्रत्येक खणात एक याप्रमाणे सहा मदरबोर्ड त्यात बसवले होते. त्रिमितीय चित्रे घडवण्याचे वेळखाऊ गणित या सहा संगणकांत वाटून दिले जाई. पुढे २०१०च्या सुमारास नेदरलँड्समधल्या संगणकवेड्यांच्या वर्तुळातून ‘लॅक रॅक’ ही युक्ती पसरली. आयकियाच्या लॅक या छोट्या टेबलाची बाजू ५५ सेंटिमीटर आणि प्रत्येक पाय ५ सेंटिमीटर जाड. म्हणजे दोन पायांमधले अंतर ४५ सेंटिमीटर, आणि संगणकक्षेत्रातल्या १९ इंची प्रमाणित चौकटीत उपकरणाला लागणारी जागाही जवळपास तेवढीच. एका कारखान्याने चहाचा पेला ठेवायला केलेले टेबल दुसऱ्या उद्योगाच्या मापात नेमके बसते, हे ज्याच्या लक्षात आले त्याच्या नजरेला दाद द्यावी लागते. मोजपट्टी घेऊन जगाकडे पाहण्याची ही सवय आपल्याला विद्यार्थ्यांत हवीच आहे.

मायनिंगच्या यंत्रात ही युक्ती आणखी पुढे गेली. साध्या संगणकाच्या पेटीत दोन-तीन ग्राफिक्स कार्डे कशीबशी मावतात आणि एकमेकांना तापवतात. म्हणून हौशी मंडळींनी पेटीच काढून टाकली. मदरबोर्ड खाली आडवा, वर एक आडवी पट्टी, तिला सात-आठ सेंटिमीटर अंतराने टांगलेली कार्डे, आणि कार्ड व मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या ‘रायझर’ नावाच्या लांब वायरी, अशी सुटसुटीत उघडी रचना तयार झाली. कार्डांमध्ये अंतर का ठेवायचे, पंख्याचे तोंड कुठल्या दिशेला हवे, गरम हवा कुठून निघणार, हे प्रश्न करणाऱ्याला पडतात आणि त्यांची उत्तरे हाताला लागतात. वापरलेले पुन्हा वापरायचे ही वृत्तीही चांगलीच. इथवर आमची तक्रार नाही.

कृतिपाठात न लिहिलेला घटक

पहिला दोष असा की, हे कृतिपाठ स्क्रूच्या लांबीपर्यंत सगळे सांगतात, पण एक घटक गृहीत धरतात. तो म्हणजे भोवतालची हवा.

हिशेब करून पाहू. सहा कार्डे, प्रत्येकी १२० वॅट धरली तर ७२० वॅट. मदरबोर्ड, पंखे वगैरे मिळून आणखी ८० वॅट. एकूण ८०० वॅट. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर भिंतीतल्या सॉकेटमधून सुमारे ९०० वॅट घेतले जाणार. यातली किती ऊर्जा ‘गणितात’ जाते आणि किती उष्णतेत? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा, कारण बहुतेक जण अर्धी-अर्धी वाटणी करतात. खरे उत्तर असे की, शेवटी जवळजवळ सगळीच ऊर्जा उष्णता होते. संगणक वजन उचलत नाही, पाणी चढवत नाही. आकडे इकडचे तिकडे करताना घेतलेली वीज तो उष्णतेच्या रूपाने खोलीला परत देतो. म्हणजे ९०० वॅटचे हे यंत्र आणि ९०० वॅटचा हीटर यांत खोलीच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

आता ३ मीटर लांब, रुंद आणि उंच अशी बंद खोली घ्या. तिच्यात २७ घनमीटर, म्हणजे सुमारे ३२ किलोग्रॅम हवा असते. ती १ अंशाने तापवायला सुमारे ३२ हजार ज्यूल लागतात. ९०० वॅटचे यंत्र ते काम ३६ सेकंदांत करील. भिंती आणि सामान उष्णता शोषून घेतात म्हणून प्रत्यक्षात तापमान इतक्या झपाट्याने चढत नाही, पण दिशा तीच. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांहून अधिक गरम होऊ द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे ७५ लिटर हवा सतत बदलत राहिली पाहिजे. कार्डावरचे पंखे हे काम करत नाहीत; ते उष्णता कार्डापासून खोलीत ढकलतात, खोलीबाहेर नाही.

क्वेबेक, नॉर्वे किंवा सैबेरियासारख्या प्रदेशात हिवाळ्यात घर तापवावेच लागते. तिथे तळघरात असे यंत्र ठेवणारा माणूस हीटरचा खर्च थोडा तरी वाचवतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात आत येणारी हवाच ४५ अंशांची असते. तिथे हेच यंत्र चालवणे म्हणजे उन्हाळ्यात शेगडी पेटवून तिच्यासाठी कूलर लावणे. आराखड्याची नक्कल होते, हवामानाची होत नाही. यंत्र कुठे जन्मले हे न विचारता ते उचलून आणण्याची सवय आपल्याला अनेक बाबतींत नडली आहे; हे तिचे एक छोटे उदाहरण.

आग कुठे लागते?

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण तो जिवाशी येऊ शकतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत वीज खेळवायची म्हटले की, ‘लाकूड पेटेल’ ही शंका प्रथम येते. कृतिपाठांचे लेखक तिला उत्तर देतात की, कार्डाचे तापमान ७०-८० अंशांपलीकडे जात नाही आणि लाकूड पेटायला २५०-३०० अंश लागतात, तेव्हा काळजी नको. हे विधान जेवढे आहे तेवढे खरे आहे, पण ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. धोका कार्डात नसून जोडात आहे.

भिंतीकडून २३० व्होल्टवर ९०० वॅट येतात तेव्हा प्रवाह असतो सुमारे ४ अँपिअर. पण पॉवर सप्लायच्या पलीकडे, १२ व्होल्टवर, तेच ८०० वॅट वाहून न्यायला सुमारे ६७ अँपिअर लागतात. व्होल्टता कमी म्हणून झटक्याचा धोका नाही, परंतु वायर तापते ती व्होल्टतेने नव्हे, प्रवाहाच्या वर्गाने. दहावीच्या पुस्तकातला ज्यूलचा नियम इथे अक्षरशः हातात येतो. रायझरला वीज देण्यासाठी अनेक जण ‘साटा’ जातीचा जोड वापरतात, कारण तो पॉवर सप्लायबरोबर मुबलक मिळतो. हा जोड हार्ड डिस्कसाठी केलेला आहे. त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर आणि ५४ वॅट. पण ज्या खाचेत कार्ड बसते ती प्रमाणानुसार कार्डाला १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकते. साडेपाच भागिले साडेचार, त्याचा वर्ग केला तर सुमारे दीड. ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट उष्णता, आणि तीही चोवीस तास, महिनोन्‌महिने. तीनपैकी एक पिन सैल झाली तर उरलेल्या दोघींवर भार आणखी वाढतो. त्या तापतात, प्लॅस्टिक मऊ होते, जोड अधिक सैल होतो, रोध वाढतो, उष्णता पुन्हा वाढते. वितळलेले आणि काळे पडलेले साटा जोड ही या छंदातली ओळखीची गोष्ट आहे, ती या साखळीमुळे.

अशा वेळी भोवती काय आहे याला महत्त्व येते. पत्र्याची पेटी जळत नाही, ठिणगी आत अडवते आणि जमिनीशी जोडलेली असते. लॅकसारख्या टेबलाच्या फळीच्या आत भरीव लाकूड नसून कागदाची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. म्हणूनच ते हलके आणि स्वस्त असते, आणि म्हणूनच त्यात स्क्रूही नीट धरत नाही. दुधाचे क्रेट पॉलिथिनचे. ते १३० अंशांच्या आसपास वितळते. लाकूड आग लावत नाही, लागलेली आग पुढे नेते. हा फरक स्पष्ट करणारे वाक्य कृतिपाठात अभावानेच सापडते.

अर्थिंगचेही तसेच. संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या गाळणीची रचना अशी असते की, अर्थिंग नसेल तर त्याच्या धातूच्या आवरणावर मुख्य व्होल्टतेच्या सुमारे निम्मी व्होल्टता येते. प्रवाह अत्यल्प असतो, पण हाताला मुंग्या येतात. जुन्या घरांत आणि अनेक शाळांत तीन पिनांचे सॉकेट असते, तिसऱ्या पिनेमागे वायर असेलच असे नाही. विद्यार्थ्याला यंत्र जोडायला परवानगी देण्याआधी सॉकेट तपासून घेण्याची जबाबदारी शिक्षकांची आहे.

खाण की सोडत?

तिसरा दोष भाषेचा आहे, आणि भाषेमागून तो विचारात शिरतो. ‘मायनिंग’ म्हटले की, जमिनीत काहीतरी आहे आणि कष्टाने ते वर काढायचे, असे चित्र उभे राहते. इथे तसे काही नाही. व्यवहारांची एक यादी घ्यायची, तिला एक मनाची संख्या जोडायची आणि सगळ्यावर ठरलेली गणिती प्रक्रिया करायची. बिटकॉइनमध्ये ती ‘शा-२५६’ या नावाची आहे. उत्तर एका ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आले तर जिंकलात, नाही तर दुसरी संख्या घ्या. उत्तर आधी ओळखता येत नाही, म्हणून केवळ प्रयत्न करत राहायचे. ही खाण नव्हे, सोडत आहे. वीज हे तिचे तिकीट.

आणि या सोडतीला एक विलक्षण नियम आहे. दर २०१६ गठ्ठ्यांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, मर्यादा आपोआप बदलते, जेणेकरून जगभरात सरासरी १० मिनिटांना एकच विजेता निघावा. यंत्रे दुप्पट झाली तर नाणी दुप्पट होत नाहीत, प्रश्नच दुप्पट अवघड होतो. विजेत्याचे बक्षीस २००९ मध्ये ५० बिटकॉइन होते. टप्प्याटप्प्याने निम्मे होत एप्रिल २०२४ मध्ये ते ३.१२५ वर आले.

घरच्या यंत्राला यात किती संधी? २०२५ साली जगातली सारी यंत्रे मिळून सेकंदाला सुमारे १ वर २१ शून्ये इतके प्रयत्न करत होती. आपल्या सहा कार्डांनी सेकंदाला २ हजार कोटी प्रयत्न केले असे उदारपणे धरू. म्हणजे सरासरी ५ हजार कोटी गठ्ठ्यांमागे एक आपला. वर्षात सुमारे ५२,५६० गठ्ठे तयार होतात. भागाकार केला की उत्तर येते साडेनऊ लाख वर्षे. २०१३पासून या एकाच कामासाठी घडवलेल्या चिपा बाजारात आल्या आणि बिटकॉइनपुरता ग्राफिक्स कार्डांचा काळ संपला.

ग्राफिक्स कार्डांना पुढे आधार दिला तो इथेरियमने. २०१५मध्ये सुरू झालेल्या या चलनाची प्रक्रिया स्मृतीवर भर देणारी होती आणि कार्डांना ती साधत असे. फर्निचरमधल्या यंत्रांचे बहुतेक कृतिपाठ या काळातले, विशेषतः २०१७ ते २०२१ मधले आहेत. पण १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ही सोडतीची पद्धत बंद केली. नव्या पद्धतीत त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला आणि लाखो कार्डे एका दिवसात बेकार झाली. कृतिपाठ मात्र तसेच राहिले. त्यातले ‘महिन्याला इतकी कमाई’ हे कोष्टक आजही नव्या वाचकाला भुलवते. ज्या मजकुराचा अर्धा भाग सुतारकामाचा आणि अर्धा बाजारभावाचा असतो, त्यातला पहिला भाग टिकतो आणि दुसरा नासतो. दुर्दैवाने वाचक दुसऱ्यासाठी येतो.

टिकाऊ म्हणजे काय?

आता मूळ शब्दाकडे येऊ. हे यंत्र ‘टाकाऊतून टिकाऊ’ आहे का? ९०० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला सुमारे साडेएकवीस युनिट, महिन्याला सुमारे ६५०. वाचवलेले टेबल ५ किलोग्रॅमचे धरा. ते बंबात घालून जाळले असते तर किलोला १६ मेगाज्यूलप्रमाणे ८० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे २२ युनिट ऊर्जा मिळाली असती. थोडक्यात, टेबल वाचवून त्यात बसवलेले यंत्र दररोज एक टेबल जाळते. आपल्या देशात एका युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याचा आकडा साडेचारशे किलोग्रॅमच्या घरात जाईल. पुनर्वापराचे माप वस्तूच्या वजनात नव्हे, तिच्या पुढच्या आयुष्यभराच्या ऊर्जेत घ्यायचे असते, हे शिकवायला इतके चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

पैशांचा हिशेबही असाच अर्धवट मांडलेला असतो. टेबल फुकट, जागा फुकट, आणि बिल वडिलांच्या किंवा शाळेच्या नावावर! महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढला की दरही टप्प्याने चढतो, तेव्हा हे ६५० युनिट नेमके सर्वांत महाग टप्प्यांत जाऊन बसतात. शिवाय २०२२च्या अर्थसंकल्पाने अशा आभासी मालमत्तेच्या हस्तांतरातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर लावला आणि मूळ खरेदीखर्चाखेरीज कोणतीही वजावट नाकारली. मायनिंगच्या उभारणीचा खर्च या खरेदीखर्चात धरला जाणार नाही, असे सरकारने त्याच वर्षी लोकसभेत स्पष्ट केले. परदेशी कोष्टकात या ओळी असणे शक्यच नाही. हिशेबातली जी बाजू दुसरा कोणीतरी भरतो ती शून्य धरायची, ही खोड विज्ञानाच्या प्रकल्पात शिरली की ती शिक्षकांनीच काढायची असते.

हेल्मरच्या कपाटाशी तुलना केली की फरक कळतो. तिथे वीज जळून एक चित्र तयार होत होते. यंत्र सुधारले तर अधिक चित्रे तयार झाली असती. इथे एकाने यंत्र सुधारले तर फक्त वाटणी बदलते, एकूण नाणी तेवढीच राहतात. ही पद्धत कोणत्याही मध्यस्थाविना हिशेबवही राखते, हे तिचे समर्थक म्हणतात ते खरे आहे, आणि गणित म्हणून ती कल्पना सुंदरही आहे. पण ती समजण्यासाठी वीज जाळावी लागत नाही.

वर्गात काय घेता येईल?

फळ्यावर ४७ ही संख्या लिहा. प्रत्येकाने १ ते १००० मधली कोणतीही संख्या मनात धरून ती ४७ मध्ये मिळवावी आणि बेरजेचा वर्ग करावा. वर्गाचे शेवटचे तीन अंक २० पेक्षा लहान आले तर तो जिंकला. हजार संख्यांपैकी फक्त ३४ संख्या जिंकणाऱ्या आहेत, त्यामुळे पन्नास मुलांच्या वर्गात फेरीला एक-दोन विजेते निघतील. शोधायला वेळ लागतो, पण विजेत्याचे उत्तर तपासायला एक गुणाकार पुरतो; सगळ्या पद्धतीचे मर्म या असमतोलात आहे. फार लवकर विजेते निघू लागले तर २० ऐवजी ५ची मर्यादा घाला, म्हणजे काठिण्य कसे बदलते ते दिसेल.

थोड्याच वेळात एखादी चलाख मुलगी ५३ सांगेल, कारण बेरीज १०० होते आणि वर्गाच्या शेवटी तीन शून्ये येतात. तिला शाबासकी द्यावी आणि सांगावे की, शा-२५६ मध्ये असा आडमार्ग आजवर कोणालाही सापडलेला नाही, आणि म्हणूनच जगभर इतकी वीज जळते. त्यानंतर एका संगणकाला ऊर्जामापक लावून त्याचा तासाभराचा वापर मोजावा आणि वरचे सगळे हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत. खर्च जवळजवळ नाही, आणि आग लागण्याचा प्रश्न नाही.

आमचे मत विचाराल तर जुन्या टेबलाची चौकट आम्ही ठेवू आणि खाण काढून टाकू. मोजणे, जुळवणे, हवेची वाट शोधणे हे या कृतिपाठांचे खरे देणे आहे. त्या चौकटीत शाळेतले दोन जुने संगणक जोडून ग्रंथालयाची नोंदवही ठेवता येईल किंवा पावसाच्या नोंदी साठवता येतील. हट्टाने मायनिंगचाच प्रकल्प करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडून आधी तीन कागद मागावेत: प्रत्येक जोडातून किती अँपिअर जाणार याचा तक्ता, खोलीतली उष्णता बाहेर कशी जाणार याचा हिशेब, आणि महिन्याचे बिल कोण भरणार याचे उत्तर. तिन्ही कागद ज्याने प्रामाणिकपणे लिहिले त्याचा प्रकल्प, यंत्राला एकही स्क्रू लावण्यापूर्वी, पूर्ण झाला असे समजायला हरकत नाही.